लहान मुलांची न्याहारी : साडेआठच्या रिक्षेआधी ज्वारीचे काय करता येईल?

माहेरवाशीण यांचा प्रश्न :

नमस्कार. आम्ही जुळे सोलापूर भागात राहतो. घरात साडेचार वर्षांची मुलगी, सव्वादोन वर्षांचा मुलगा, सासू-सासरे आणि आम्ही दोघे असे सहा जण आहोत. मुलीची शाळा नऊला भरते, परंतु रिक्षा साडेआठलाच दारात येते, आणि रिक्षावाले मामा दोनदा हॉर्न वाजवतात, तिसऱ्यांदा वाजवत नाहीत, सरळ निघून जातात. मलाही साडेनऊला पतसंस्थेत पोहोचायचे असते. म्हणजे न्याहारी करणे, भरवणे आणि आवरणे या सगळ्याला मिळून माझ्या हातात जेमतेम पाऊण तास उरतो.

सध्या घडते ते असे. मुलगी सात वाजता उठली की सासूबाई तिला डब्यातली चॉकलेटी पावडर घातलेले मोठा पेला भरून दूध देतात, कारण ‘निदान पोटात काहीतरी गेले’ हे समाधान त्यांना त्यातून मिळते. त्यानंतर पाऊण तासाने मी पोहे किंवा उप्पीट पुढे ठेवले की ती कढीपत्त्याची पाने आणि मोहरी वेचून ताटलीच्या कडेला ओळीने मांडत बसते, खात मात्र नाही. शेवटी हातात दोन बिस्किटे घेऊन रिक्षेत बसते. धाकटा सासऱ्यांच्या मांडीवर बसून त्यांच्या बशीतल्या चहात बेकरीतले कडक बटर बुडवून खातो आणि दहा वाजता पुन्हा भुकेने रडतो, असे घरून फोनवर कळते.

माझे माहेर रत्नागिरीकडचे असल्यामुळे सकाळी मऊ भात, तूप, मेतकूट किंवा तांदळाचे घावन एवढेच मला सवयीचे आहे. इथे घरात ज्वारीचे पोते भरलेले असते, रोज दुपारी भाकरी होते, पण न्याहारीसाठी ज्वारीचे लहान मुलांना चालेल असे काय करावे हे मला खरोखर ठाऊक नाही. ज्वारी एवढ्या लहान मुलांच्या पोटाला जड पडते का, सकाळचे दूध बंद करावे का, आणि अर्ध्या तासात होणारे पदार्थ कोणते, एवढे कृपया सांगावे. घरात अंडे चालते, परंतु सोमवारी आणि गुरुवारी नाही.

---

शाळूवाली यांचे उत्तर :

ताई, आमचे शेत मंगळवेढ्याच्या काळ्या रानात आहे आणि माझी तीन नातवंडे ज्वारीवरच वाढली आहेत, त्यामुळे तुमच्या पहिल्या शंकेचे उत्तर मी अधिकाराने देऊ शकते. ज्वारी जड नसते. ती कोरडी, जाड आणि चावायला चिवट अशा रूपात मुलांच्या पुढे आली की त्यांना नकोशी होते. मोठ्यांच्या ताटातली भाकरी तोडून मुलाच्या हातात दिली की तो दोन वेळा चावतो आणि थुंकतो, मग आपण म्हणतो की त्याला ज्वारी आवडत नाही. त्याच ज्वारीच्या कण्या करून पाहा.

गिरणीवाल्याला ‘पीठ नको, कण्या काढून द्या’ एवढे सांगितले की तो दगड थोडा उचलून ज्वारी भरडून देतो. घरी आणून चाळणीने खालचे पीठ वेगळे करायचे. ते भाकरीच्या पिठात मिसळले तरी चालते. रात्री झोपण्यापूर्वी एक वाटी कण्या दोनदा धुऊन पाच वाट्या पाण्यात भिजत घालाव्यात, सकाळी त्याच पाण्यासह किंचित मीठ घालून कुकरला लावाव्यात आणि चार-पाच शिट्या करून कुकर आपोआप निवू द्यावा. तोवर तुमची अंघोळ होते. झाकण उघडल्यावर पळीने चांगले घोटले की कण्या खिरीसारख्या मिळून येतात. धाकट्याला त्यात साजूक तूप आणि कोमट दूध घालून द्यावे, थोरलीला ताक, जिऱ्याची पूड आणि मीठ घालून. ताक घातल्यावर परत उकळू नये, फाटते.

दुसरी गोष्ट रात्रीच्या उरलेल्या भाकरीची. तिला शिळी म्हणून नाक मुरडणारे पुष्कळ आहेत, पण आमच्याकडे मुलांची सकाळ तिच्यावरच होत असे. भाकरी हाताने अगदी बारीक कुस्करावी, त्यावर ताकाचा हबका मारून पाच मिनिटे झाकून ठेवावी आणि मग जिरे, हळद, बारीक चिरलेला कांदा यांची फोडणी देऊन वाफ आणावी. मोहरी आणि कढीपत्ता घालूच नका, म्हणजे वेचायला काही उरणार नाही! वरून शेंगदाण्याचा बारीक कूट आणि लिंबू घालावे. कडक भाकरी मात्र धाकट्याला तशीच हातात देऊ नका, कारण ती तुटते तेव्हा तिची टोके अणकुचीदार होतात. वरणात भिजवून मऊ झाल्यावर द्यावी.

एक सावधगिरीही सांगून ठेवते. हल्ली सगळ्याच धान्यांना मोड आणून त्यांचे सत्त्व काढण्याची पद्धत आली आहे. नाचणीला जरूर मोड आणा, पण ज्वारीला नको. ज्वारीच्या कोवळ्या कोंबात विषारी द्रव्य तयार होते, आणि कोवळे पोंगे खाऊन जनावर दगावल्याचे आमच्या भागातल्या प्रत्येक शेतकऱ्याने पाहिले किंवा ऐकले आहे.

आमच्या मालदांडी ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा गावात बरेच कौतुक झाले, पण त्याच गावातल्या दुकानात सकाळी मुले बिस्किटांचे पुडे घेताना दिसतात, याचे मला वाईट वाटते. असो, हे विषयाला सोडून झाले.

---

अंगणवाडीतील ताई यांचे उत्तर :

मी बरीच वर्षे अंगणवाडीत काम करते आहे आणि तुमच्यासारखी तक्रार आठवड्यातून एकदा तरी ऐकते. शाळूवाली काकूंनी पदार्थांविषयी चांगले लिहिले आहे, म्हणून मी प्रामुख्याने सकाळच्या क्रमाविषयी लिहिते, कारण मला तुमच्या घरातली खरी अडचण तिथे दिसते.

साडेचार वर्षांच्या मुलीचे पोट किती असते, याचा विचार करावा. सात वाजता मोठा पेलाभर दूध, त्यात साखर आणि पावडर, आणि पाऊण तासाने पोहे. तिला त्या वेळी भूक नसते, एवढेच. ती मोहरी वेचते म्हणजे हट्ट करते असे नव्हे, तिला करण्यासारखे दुसरे काही नसते. दूध बंद करू नका, त्याची जागा बदला. उठल्यावर थोडे पाणी द्यावे, आठच्या सुमारास न्याहारी, आणि दूध शाळेतून आल्यावर किंवा संध्याकाळी. दिवसभरात दोन लहान पेले, म्हणजे सुमारे 400 ते 500 मिलिलिटर दूध या वयाला पुरते. त्याहून जास्त झाले की इतर अन्नाला पोटात जागा उरत नाही, आणि दुधात लोह अगदी कमी असल्यामुळे केवळ दुधावर वाढणारे मूल अंगाने भरलेले दिसले तरी रक्ताने कमी असू शकते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील सहा महिने ते पाच वर्षे या वयातील शंभरातील सुमारे 67 मुलांमध्ये रक्तक्षय आढळला होता. म्हणून न्याहारीचा विचार करताना ‘पोट भरले का’ याबरोबर ‘लोह गेले का’ हाही प्रश्न विचारावा लागतो.

या कारणासाठीच धाकट्याच्या बशीतला चहा थांबवणे मला सर्वांत निकडीचे वाटते. चहातील टॅनिन अन्नातले लोह अंगी लागू देत नाही. उलट लिंबू, पेरू, टोमॅटो किंवा आवळा यांतील क जीवनसत्त्व धान्यातले लोह शोषून घ्यायला मदत करते. त्यामुळे कण्यांवर किंवा फोडणीच्या भाकरीवर पिळलेली लिंबाची फोड ही केवळ चवीपुरती नसते. आजोबांना मात्र ‘चहा विष आहे’ असे सांगू नये; त्यांचा तो नातवाबरोबरचा वेळ असतो आणि तो हिरावून घेण्याचे काही कारण नाही.

चॉकलेटी पावडरीविषयी : एप्रिल 2024 मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना अशी पेये ‘आरोग्य पेय’ या वर्गात दाखवू नयेत अशी सूचना दिली होती, कारण अन्नसुरक्षा कायद्यात असा वर्गच नाही. डब्यामागची अक्षरे भिंगातून वाचली तर त्यात साखर किती ते कळते. सासूबाईंनाही शांतपणे वाचून दाखवावे.

आता गिळण्याच्या धोक्याविषयी. सोलापुरात शेंगदाणा नाही असे घर नाही, परंतु पाच वर्षांच्या आतील मुलाला अख्खे शेंगदाणे, फुटाणे किंवा अख्खी द्राक्षे देऊ नयेत; ती श्वासनलिकेत अडकू शकतात. शेंगदाणा द्यायचा तो बारीक कूट करून, आणि तोही पदार्थात मिसळून, कोरडी मूठ नव्हे. शेंगांची चटणी खलबत्त्यात तेल सुटेपर्यंत कुटतात तसाच कूट, पण मिरची आणि लसूण न घालता वेगळा काढून ठेवला तर तो आठवडाभर उपयोगी पडतो. पूर्वी कधी शेंगदाणा दिला नसेल तर पहिल्यांदा अगदी थोडा द्यावा आणि अंगावर गांधी, ओठांवर सूज असे काही दिसते का ते पाहावे. दिसल्यास लगेच डॉक्टरांकडे जावे.

अंडे चालते हे उत्तम आहे. एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम प्रथिने असतात आणि ते दहा मिनिटांत उकडते. धाकट्याला पिवळा बलकही घट्ट होईपर्यंत उकडून, कुस्करून द्यावे.

प्रमाणाविषयी बोलायचे तर आईच्या मनातली वाटी आणि मुलाच्या पोटातली वाटी यांत नेहमी फरक असतो. पहिल्या वर्षात मूल जन्मवजनाच्या तिप्पट होते, पुढे मात्र वर्षाला साधारण दोनच किलो वाढते, त्यामुळे भूक कमी झाल्यासारखी वाटणे स्वाभाविक आहे. काय द्यायचे आणि केव्हा द्यायचे हे आपण ठरवावे, किती खायचे ते तिला ठरवू द्यावे. वीस मिनिटांत ताटली उचलावी, रागावू नये, आणि मागून बिस्किट देऊ नये. हा शेवटचा नियम आजी-आजोबांच्या घरात सर्वांत अवघड असतो, हे मला माहीत आहे.

---

पूर्वभागकर यांचे उत्तर :

मी टॉवेलच्या कारखान्यात दुसऱ्या पाळीला असतो आणि पत्नी सकाळी लवकर कामावर जाते, त्यामुळे गेली चार वर्षे आमच्या दोन मुलांची न्याहारी मीच करतो. आम्ही तेलुगूभाषक आहोत. आमच्या घरात ज्याला पोंगणालू म्हणतात, त्यालाच अक्कलकोटकडचे कन्नडभाषक शेजारी पड्डू म्हणतात आणि तुम्ही मराठी माणसे आप्पे म्हणता. पीठ तयार असेल तर गॅस पेटवल्यापासून बारा मिनिटांत पहिला घाणा ताटात पडतो, आणि गोल, हातात मावणारी वस्तू मुले भांडून खातात, असा माझा अनुभव आहे.

प्रमाण असे : दोन वाट्या ज्वारी, एक वाटी जाडा तांदूळ, पाऊण वाटी उडीद डाळ, अर्धा चमचा मेथी. ज्वारीला भिजायला वेळ लागतो, म्हणून ती शनिवारी सकाळी वेगळी भिजत घालावी. डाळ, तांदूळ आणि मेथी दुपारी भिजवले तरी चालतात. रात्री उडीद आधी वाटून हलका करून घ्यावा, मग ज्वारी आणि तांदूळ रवाळ वाटून सगळे एकत्र हाताने फेटावे. पुस्तकात ‘आठ तास आंबवावे’ असे छापलेले असते, पण ते सोलापूरच्या उन्हाळ्याला लागू पडत नाही. एप्रिल-मे महिन्यांत इथले पीठ पाच-सहा तासांत फसफसून पातेल्याबाहेर येते आणि इतके आंबट होते की मुले तोंड वाकडे करतात. त्या दिवसांत मी रात्री अकराला पीठ वाटतो आणि पाचला उठल्या उठल्या फ्रिजमध्ये ठेवतो. डिसेंबरात मात्र तेच पीठ बारा तासही घेते, तेव्हा पातेले घोंगडीत गुंडाळून ठेवावे लागते. फ्रिजमध्ये ते तीन-चार दिवस चांगले राहते, म्हणजे बुधवारपर्यंतची सोय होते. मीठ फक्त त्या दिवसापुरत्या पिठात घालावे.

सकाळी त्यात किसलेले गाजर, बारीक चिरलेली मेथी किंवा शेपू आणि एक चमचा शेंगदाण्याचा कूट घालतो. आमच्या धाकट्या मुलाला शेपू दिसला की चालत नाही, पण पोंगणालूच्या पोटात गेलेला शेपू त्याला अजून सापडलेला नाही.

कधी कधी सर्वपिंडी करतो. तांदळाचे पीठ, तीळ, कांदा, भिजवलेली हरभरा डाळ आणि शेंगदाणे एकत्र मळून पातेल्याच्या आत थापायचे, बोटाने भोके पाडायची आणि तेल सोडून झाकण ठेवायचे. मुलांसाठी करताना त्यात अख्ख्या शेंगदाण्यांऐवजी कूट घालतो आणि डाळ भरडसर वाटून घेतो. याला वीस-पंचवीस मिनिटे लागतात, त्यामुळे ती रविवारचीच.

---

पोहेप्रेमी यांचे उत्तर :

ज्वारीचे गुणगान योग्यच आहे, परंतु पोह्यांना उगाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नये. दुधाची वेळ बदलल्यावर तेच पोहे मुलगी खाईल, अशी माझी खात्री आहे. पोह्यांत मटार आणि भरपूर लिंबू घाला, शेंगदाण्याऐवजी कूट वापरा, आणि बाजूला दह्याची वाटी ठेवा. दुसरे असे, की बिस्किटांऐवजी गूळ-शेंगदाण्याचा लाडू रोज द्यावा असेही पुष्कळ लोक सुचवतात. गूळ आपल्याला प्रिय असला तरी शेवटी तीही साखरच आहे आणि दातांना चिकटते. आठवड्यातून दोनदा ठीक.

---

माहेरवाशीण यांचे पुन्हा लेखन :

सर्वांचे मनापासून आभार. आज बारा दिवस झाले, म्हणून काय घडले ते कळवते.

दुधाची वेळ बदलणे हे सर्वांत कठीण गेले. पहिल्या दिवशी मुलगी दुधासाठी रडली, दुसऱ्या दिवशी सासूबाई माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी मुलीने आठ वाजता स्वतःहून ‘भूक लागली’ असे म्हटले, तेव्हा सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी काही उद्गार काढले नाहीत, पण चौथ्या दिवशी पावडरीचा डबा वरच्या फडताळात गेलेला दिसला. आता ती शाळेतून आल्यावर आजीकडूनच साधे दूध घेते, त्यामुळे आजीचा मानही राहिला आहे.

कण्यांच्या बाबतीत दोन्ही मुलांची मते वेगळी निघाली. थोरलीने ताकातल्या कण्या दोन चमचे खाऊन ‘हे बाळाचे जेवण आहे’ असे जाहीर केले. धाकटा मात्र तूप-दुधातल्या कण्या वाटी चाटूनपुसून खातो आणि दहा वाजताचे रडणे जवळजवळ थांबले आहे. फोडणीची भाकरी थोरलीला आवडली. मोहरी नसल्यामुळे तिला प्रथम काही चुकल्यासारखे वाटले असावे, कारण ती चमच्याने बराच वेळ शोधत होती.

सासऱ्यांना मी काहीच सांगितले नाही, यांनीच सांगितले. आता ते आपला चहा कपातून पितात, आणि रिकाम्या बशीत नातवासाठी कोमट दूध ओततात, अगदी दोन घोट. बटर अजून अधूनमधून असतेच.

अडचण एकच उरली आहे. पूर्वभागकर दादा, तुमच्या प्रमाणाने पीठ केले, चवीला सुरेख झाले, परंतु माझ्या पात्राला ते इतके चिकटते की पहिले सात आप्पे खरवडूनच काढावे लागतात आणि त्यात मोलाची दहा मिनिटे जातात. पात्र बिडाचे आहे, नवीन आहे, सात खळग्यांचे.

---

पूर्वभागकर यांचे उत्तर :

ताई, नव्या बिडाला हे होतेच, यात तुमचा दोष नाही. पात्र एकदा गरम पाण्याने धुऊन कोरडे करा, प्रत्येक खळग्यात तेल लावून मंद आचेवर धूर येईपर्यंत तापवा आणि तसेच रात्रभर निवू द्या. असे तीन-चार रात्री करा, आणि त्यानंतर साबणाने घासू नका, नुसते फडक्याने पुसा. सकाळी घाणा घालण्यापूर्वी अर्धा कांदा काट्यावर टोचून तेलात बुडवावा आणि प्रत्येक खळग्यातून फिरवावा.

पीठही बहुधा सैल झाले असेल. पळीतून पडताना ते सलग धारेने न पडता तुटत तुटत पडले पाहिजे. सैल वाटले तर शाळूवाली काकूंनी सांगितलेल्या कण्यांच्या चाळणीखालचे जे पीठ उरते, ते दोन चमचे मिसळा आणि पाच मिनिटे थांबा. आणि झाकण ठेवून कडा सुटू लागेपर्यंत उलटण्याची घाई करू नका. उलटायला मी विणकामाची लाकडी सुई वापरतो, मुलांना ते काम फार आवडते, पण पात्र गॅसवरून खाली उतरवल्यावर आणि मी शेजारी उभा असतानाच.